गावच्या ग्रंथालयात ऐकायची खोली हवी

साठची कॅसेट म्हणजे एका बाजूला ३० मिनिटं. मेटॅलिका या अमेरिकन बँडच्या ‘मास्टर ऑफ पपेट्स’ या अल्बमची पहिली चार गाणी २७ मिनिटांच्या आत संपतात, पुढची चार २८ मिनिटांच्या आत. म्हणजे ए बाजूला तीन मिनिटं उरतात आणि बी बाजूला दोन. हा हिशेब मला वयाच्या पंधराव्या वर्षापासून पाठ आहे, कारण माझ्याकडचा अल्बम दुकानातून विकत घेतलेला नव्हता, कोऱ्या कॅसेटवर भरून आणलेला होता. त्या उरलेल्या मिनिटांचं काय झालं ते पुढे सांगणारच आहे. आधी ती कॅसेट गावात आली कशी ते सांगतो.

मोठ्या आत्याचा मुलगा, आमचा दादा, अमरावतीला इंजिनिअरिंगला होता. त्याच्या होस्टेलवर कुणाकडे तरी मूळ कॅसेट होती, तिच्यावरून त्यानं माझ्यासाठी एक भरून घेतली. १९९७ च्या दिवाळीत यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावी आला तेव्हा ती त्याच्या पिशवीत कपड्यांच्या घडीत होती. टेपात घालताना तो म्हणाला, “पैले अर्धं मिनिट बारीक वाजते. तेव्हाच आवाज वाढवू नको बे, मंग पाह्यजो.” पहिलं गाणं खरंच तसं सुरू होतं, तारांच्या शांत छेडीनं, एखाद्या देवळात कुणी एकटं वाजवत बसलंय असं. आणि मग गिटारी कोसळतात. आई चुलीपुढून उठून आली. आबाजी, म्हणजे माझे आजोबा, ओसरीवर होते.

“टेपाले काय झालं रे?”

“काही नाही आबाजी, गानंच हाय.”

“गानं हाय का जिनिंग हाय?”

आमचा कापूस दारव्ह्याच्या जिनिंगवर जायचा. गाडी नंबरात लागली की आबाजी रात्र रात्र तिथे बसून राहायचे, त्यामुळे तो आवाज त्यांच्या कानात मुरलेला होता. त्यांनी किती नेमकं ओळखलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. हेवी मेटल, म्हणजे गिटारींचं हे जड संगीत, कारखान्यांच्याच शहरात जन्मलं, इंग्लंडातल्या बर्मिंगहॅममध्ये. तिथल्या ब्लॅक सॅबथ या बँडचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० चा. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी १७ वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता आणि नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायची तीच बोटं. आता वाजवणं संपलं असं धरून बसलेल्या त्या पोराकडे कारखान्याचा फोरमन एक रेकॉर्ड घेऊन आला, जँगो राइनहार्ट या गिटारवादकाची. जँगोच्या डाव्या हाताची दोन बोटं आगीत निकामी झाली होती आणि राहिलेल्या दोन बोटांवर तो ते सगळं वाजवत होता. आयोमीनं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वरून चामडं चिकटवलं, हलक्या तारा लावल्या, पुढे त्या सैल करून सूर खाली उतरवला. तो जड, काळोखा आवाज तिथून निघाला आणि पन्नास वर्षं जगभर वाजतो आहे.

आमच्याकडे कडबाकुट्टीत बोटं गेलेली माणसं गावागावात आहेत. त्यातले काही ढोलकी वाजवायचे, काही पेटी. त्यांच्याकडे कुणी रेकॉर्ड घेऊन गेलं नाही.

मला त्या गोष्टीत आयोमीइतकाच तो फोरमन मोठा वाटतो. पोरापर्यंत सूर पोचायचा तर कुणीतरी तो हातात आणून द्यावा लागतो आणि तो नीट ऐकायला एक जागा लागते. आज विदर्भातल्या खेड्यात ही दोन्ही कामं नशिबावर सोडली आहेत. एखाद्याला आतेभाऊ असतो, बाकीच्यांना नसतो. माझं म्हणणं असं की ही कामं गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाची आणि शाळेची आहेत, आणि ती त्यांना करता यावीत म्हणून नियमात जागा आणि अंदाजपत्रकात पैसा हवा.

ग्रंथालय म्हणतो ते उगाच नाही. हा अल्बम मला अर्धा टेपानं शिकवला आणि अर्धा ग्रंथालयानं. राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे; मान्यता मिळालेल्या ग्रंथालयाला अ, ब, क, ड असा वर्ग आणि वर्गाप्रमाणे अनुदान. आमचं ड वर्गाचं, ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत. दोन कपाटं, एक लांब टेबल, भिंतीला टेकवलेला बाक, आणि संध्याकाळी दोन-तीन तास दार उघडून बसणारे ग्रंथपाल काका. दादानं गाण्यांचे शब्द जर्नलच्या पानांवर लिहून आणले होते, पण मला त्यातलं निम्मं कळत नव्हतं. शब्दकोश घरी न्यायची परवानगी नव्हती. मग मी रोज संध्याकाळी ती पानं घेऊन टेबलाशी बसायचो आणि एकेक शब्द काढायचो.

एका गाण्याच्या नावात ‘लेपर’ होता. कोशात महारोगी असं दिलेलं. आम्ही शाळेच्या सहलीला वरोऱ्याला आनंदवनात जाऊन आलो होतो, त्यामुळे तो शब्द माझ्यासाठी निर्जीव नव्हता. बोटं झडलेल्या हातांनी विणलेल्या सतरंज्या मी पाहिल्या होत्या. गाणं मात्र रोगाबद्दल नव्हतंच. देवाच्या नावावर टीव्हीवरून पैसे गोळा करणाऱ्या धर्मोपदेशकांबद्दल होतं. ते समजायला मला आठवडा लागला आणि समजलं तेव्हा आमच्या पंचक्रोशीत दरवर्षी येणारा, आयाबायांच्या हातातल्या पाटल्या उतरवून नेणारा एक बुवा लख्ख दिसला. आणखी एका गाण्याच्या नावात ‘डिस्पोझेबल’ होता. कोशातल्या अर्थानं समाधान होईना म्हणून काकांना विचारलं. ते म्हणाले, “काम झालं का फेकून द्याचं, तसं. इंजेक्शनची सुई नाही का.” ते गाणं कोवळ्या वयात आघाडीवर पाठवलेल्या सैनिकाचं आहे. हुकूम देणारे मागे आणि हा पुढे, आणि हा मेला की याच्या जागी दुसरा.

त्या हिवाळ्यात माझ्या वर्गातल्या एकाच्या वडिलांनी औषध घेतलं. आमच्याकडे असंच म्हणतात, औषध घेतलं. जे कपाशीवर फवारायला आणलेलं असतं, तेच. तेराव्यानंतर तो डोकं भादरलेला शाळेत आला. कुणी त्याच्याशी काही बोलत नव्हतं, म्हणजे काय बोलायचं हेच कुणाला कळत नव्हतं, शिक्षकांनाही नाही. संध्याकाळी मी त्याला आमच्या गोठ्यामागच्या खोलीत नेलं आणि ते गाणं लावलं. त्याला इंग्रजी माझ्याइतकंच येत होतं. मी ते पान त्याच्यापुढे धरलं आणि एका शब्दाखाली बोट ठेवून काकांनी सांगितलेला अर्थ सांगितला. सव्वाआठ मिनिटांचं गाणं संपेपर्यंत तो जमिनीकडे पाहत बसला होता. संपल्यावर म्हणाला, “पुन्हा लाव.” त्या दिवशी तो एवढंच बोलला. मी रिवाइंड केलं. सेल उतरत आले होते, दुसऱ्यांदा गाणं थोडं जड, रेंगाळत वाजलं. त्यानं तेही पूर्ण ऐकलं.

आमच्या जिल्ह्याबद्दल नंतर देशभर लिहिलं गेलं. जुलै २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात व्याजमाफी होती, सिंचन होतं, बियाणं होतं, गायी-म्हशी होत्या. त्यातल्या एकाही गोष्टीला मी कमी लेखत नाही. ज्याच्या घरी पाणी पोचलं त्याला ते विचारा. पण त्या घरातल्या पंधरा वर्षांच्या पोराच्या पोटात जो राग साचतो त्याचं काय करायचं, याचा विचार कुठल्याही पॅकेजमध्ये नव्हता. राग हा रोग नाही. त्याला आकार लागतो. मला आणि माझ्या मित्राला तो आकार डेन्मार्कमध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या एका अमेरिकन अल्बममध्ये मिळाला, कारण तोच हाताशी होता. दुसऱ्या कुणाला तो वामनदादा कर्डकांच्या गाण्यात मिळेल, कुणाला कव्वालीत, कुणाला आणखी कशात. मेटलच लावा असा माझा आग्रह नाही. पोराच्या हाताशी काहीतरी खरं, पूर्ण आणि जोरकस असावं, असा आहे.

“लोक मरताहेत आणि तुम्ही संगीताचं काय घेऊन बसलात,” हे मला चांगल्या, कळवळ्याच्या माणसांनी ऐकवलं आहे. त्यांना मी त्या खोलीत बसलेल्या पोराची गोष्ट सांगतो. त्याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

दुसरा आक्षेप संस्कृतीचा. हाही मी लहानपणीच भोगला आहे. अल्बमच्या मुखपृष्ठावर पांढऱ्या क्रुसांचं कबरस्तान आहे. प्रत्येक क्रुसाला दोरी बांधलेली आणि त्या दोऱ्या वर, लाल आभाळातल्या दोन हातांत गेलेल्या. माझ्या भरलेल्या कॅसेटला मुखपृष्ठ नव्हतं, म्हणून दादानं सांगितलं तसं मी वहीच्या मागच्या पानावर लाल आणि निळ्या पेननं काढलं. आमच्या एका सरांनी ते पाहिलं. स्मशान, क्रूस, इंग्रजी गाणी. पोरगं वाया चाललं असा निकाल तिथल्या तिथे लागला. वही फाडली, वडिलांना बोलावलं. मी सांगायचा प्रयत्न केला की मुख्य गाणं नशेच्या विरोधात आहे. त्या गाण्यात नशाच बोलते. माणसाला बाहुलीसारखं नाचवते आणि मी तुझा धनी आहे असं त्यालाच सांगते. पण बोलायची संधी मिळाली नाही. शेजारचा वर्धा जिल्हा १९७४ पासून दारूबंदीत आहे, गडचिरोली १९९३ पासून, आणि आमच्या भागात दारूपायी बायकांनी काय सोसलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. व्यसनावरचे निबंध आम्ही दरवर्षी लिहायचो. व्यसन आतून कसं बोलतं, हे मला पहिल्यांदा त्या गाण्यानं सांगितलं. सरांनी आधी ऐकलं असतं तर ते गाणं त्यांनी वर्गात लावलं असतं, असं मला आजही मनापासून वाटतं. ते वाईट शिक्षक नव्हते. त्यांच्याकडेही ऐकायला जागा आणि सांगणारं माणूस नव्हतं.

आता आबाजींचं.

हरभरा घाट्यावर आला की रानडुकरं आणि रोही रात्रीत वावर साफ करतात. म्हणून जागलीला जायचं, मचानावर बसून डबे वाजवायचे. मी टेप घेऊन जाऊ लागलो. वडिलांनी सेलांना पैसे दिले, कारण त्या आवाजानं जनावर खरोखर बांधावरूनच फिरायचं. माझ्यासोबत आबाजी असायचे. आबाजी गावच्या भजनी मंडळात खंजिरी वाजवत. तरुणपणी गुरुकुंज मोझरीला जाऊन त्यांनी तुकडोजी महाराजांना समोर बसून ऐकलं होतं आणि ती त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट होती. पहिले काही दिवस ते कानाला टापर बांधून झोपत. एका रात्री सातवं गाणं लागलं. त्यात शब्द नाहीत. मध्ये सगळं थांबतं आणि एकटं बास गिटार हळूहळू चालू लागतं. आबाजी उठून बसले.

“हे कोन वाजवते?”

मी सांगितलं, दादानं मला सांगितलं होतं तेवढं. क्लिफ बर्टन नावाचा होता, हा अल्बम मार्च १९८६ मध्ये आला आणि त्याच सप्टेंबरात स्वीडनमध्ये रात्रीच्या प्रवासात यांची बस उलटली, त्यात गेला. २४ वर्षांचा होता.

“लेकरू व्हतं,” आबाजी म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, “मागं घे. पुन्हा लाव.”

गाणं दुसऱ्यांदा वाजत असताना त्यांची बोटं गोधडीवर चालत होती. मी पाहिलं, ते सम शोधत होते. कधी सापडायची, कधी निसटायची, आणि निसटली की ते मान हलवून पुन्हा लागायचे. शेवटचं गाणं संपलं, बी बाजूची दोन मिनिटं उरली. मी टेपचं प्ले आणि लाल बटण एकदम दाबलं आणि म्हटलं, आबाजी, तुमी वाजवा. खंजिरी सोबत नव्हती. त्यांनी डब्यावरच महाराजांच्या एका भजनाचा ठेका धरला आणि दोन ओळी म्हटल्या. तिसरी सुरू झाली आणि पट्टी संपली.

आबाजींच्या आवाजाचं तेवढंच मुद्रण जगात आहे. ते २००४ मध्ये गेले.

१९४२ मध्ये चिमूरला उठाव झाला तेव्हा इंग्रज सरकारनं महाराजांना पकडून तुरुंगात ठेवलं. त्यांच्याकडे शस्त्र नव्हतं. खंजिरी होती आणि त्या खंजिरीवर माणसं उठत होती. जोरात वाजवणं, रागानं गाणं, सत्तेला डोळे वटारून दाखवणं हे परदेशातून आलेलं नाही. आमच्या मातीत ते होतंच. मेटल ऐकलं म्हणून मी खंजिरीपासून दूर गेलो नाही. मेटल ऐकून ऐकून कान तयार झाला म्हणूनच आबाजींच्या हातात काय आहे ते मला कळलं. आज नागपूर विद्यापीठाला महाराजांचं नाव आहे, आणि आमच्या गावच्या ग्रंथालयात त्यांच्या खंजिरीचं एकही मुद्रण नाही. तेव्हा नव्हतं, आताही नाही. त्यांची पुस्तकं आहेत, छान बांधणीची. पण जो माणूस मुळात ऐकायचा होता तो आम्ही फक्त वाचायला ठेवला.

आणि तिकडे बघा. अमेरिकेचं राष्ट्रीय ग्रंथालय, लायब्ररी ऑफ काँग्रेस, दरवर्षी २५ ध्वनिमुद्रणं देशाचा ठेवा म्हणून जतनासाठी निवडतं. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या यादीत ‘मास्टर ऑफ पपेट्स’ आला. मेटलमधलं त्या यादीतलं ते पहिलं मुद्रण. आमच्या सरांनी ज्याचं चित्र फाडलं ते एका देशानं आपल्या ग्रंथालयात ठेवून घेतलं. मला त्यात विजय वगैरे वाटला नाही. मला वाटलं, ग्रंथालयानं हेही करायचं असतं, आणि आपल्याकडे हा विचारच नाही. तरी आपल्याकडेही ज्यांनी मनावर घेतलं त्यांनी करून दाखवलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ या अभ्यासकांनी गावोगावच्या सोबत्यांना घेऊन जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यातल्या कितीतरी बायांच्या आवाजात मुद्रित केल्या. हे काम बहुतेक तिकडे पुण्याच्या बाजूला झालं. वऱ्हाडातल्या ओव्या, झाडीपट्टीतली दंडार, पोळ्याच्या झडत्या हे सगळं अजून माणसांच्या गळ्यातच आहे, आणि ती माणसं ऐंशीच्या घरात आहेत. माझी कॅसेट डब्यात आहे. गेल्या पावसाळ्यात काढली तर पट्टीवर बुरशीचे पांढरे ठिपके होते.

आता कुणीही म्हणेल, फोनमध्ये सगळं आहे. आहे. माझ्या सोळा वर्षांच्या भाच्याच्या खिशात जगातलं जवळजवळ सगळं संगीत आहे, आणि मला १९९७ मध्ये हे मिळालं असतं तर मी वेडा झालो असतो. पण मी त्याच्यासोबत बसून पाहिलं. फोन त्याला कालच्यासारखंच आज देतो. काल जे ऐकलं त्याच्या शेजारचं, पंधरा-वीस सेकंदांचं, आणि पुढचं आपोआप. त्याच्या कानात काही कमी नाही, त्याच्याभोवती फोरमन नाही एवढंच. आणि एक साधी यांत्रिक गोष्ट आहे जी कुणी लक्षात घेत नाही. बास गिटारची सगळ्यात खालची तार सेकंदाला सुमारे ४१ कंपनांवर वाजते. फोनच्या बोटभर स्पीकरमधून तो आवाज बाहेर येतच नाही. मी भाच्याला ते सातवं गाणं फोनवर लावून दिलं, मधल्या जागी तो म्हणाला, “मामा, इथं तर बंदच झालं.” बंद झालं नव्हतं. क्लिफ बर्टन वाजवत होता. डफड्याचं, ढोलाचंही तसंच होतं. फोनवर त्यांची नुसती टिकटिक उरते. ज्या पोरानं आयुष्यभर फोनच्याच स्पीकरवर ऐकलं त्याला संगीताचा तळ माहीतच नसतो.

तळ त्याला कुठे मिळतो? डीजेच्या भिंतीसमोर. लग्नात, मिरवणुकीत, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेल्या खोक्यांपुढे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद. ते नियम पाळले जावेत, लहान लेकरांच्या आणि म्हाताऱ्यांच्या छातीत ते धक्के बसतात ते मी पाहिलं आहे. पण नुसती बंदी घालून काम होणार नाही. पोरांना अंगाला भिडणारा आवाज हवा असतो आणि तो हवासा वाटण्यात काही गैर नाही; मलाही हवा होता. त्यांना तो चांगल्या स्पीकरवर, बेताच्या आवाजात, बसून, सुरुवातीपासून शेवटापर्यंत ऐकायची सवयच कुणी लावली नाही. एका मिरवणुकीच्या डीजेला जे भाडं जातं तेवढ्यात ग्रंथालयात दोन बरे स्पीकर आणि एक ॲम्प्लिफायर येतो.

मागणी फार मोठी नाही. ग्रंथालयाचा वर्ग आणि अनुदान ठरवताना पुस्तकं मोजतात तशी ध्वनिमुद्रणंही मोजावीत, निदान गावात केलेली. आठवड्यातून दोन संध्याकाळी ऐकण्यासाठी खोली उघडी असावी. काय लावायचं ते पोरांनी ठरवावं, अट एकच, सुरू केलेलं पूर्ण ऐकायचं. ग्रामपंचायतीकडे यासाठी अगदीच पैसा नसतो असं नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला अबंधित भाग गावानं आपल्या गरजेप्रमाणे खर्चायचा होता, पगार सोडून. ही गरज आहे असं ग्रामसभेनं म्हणायला हवं, एवढाच प्रश्न आहे.

शाळेचं दुखणं मात्र कायद्यातच आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं सहावी ते आठवीच्या मुलांसाठी कलेचा अर्धवेळ निदेशक सांगितला आहे, पण पट १०० च्या वर असेल तर. आमच्या गावात त्या तीन वर्गांचा पट कधीच १०० झाला नाही, पुढेही होणार नाही. म्हणजे ज्या पोरांना घरात, गावात कुणी सांगणारं नाही, नेमकी तीच पोरं मोजणीतून बाहेर. शहरातल्या मुलाला शाळेत नाही मिळालं तर गल्लीत क्लास असतो. आमच्याकडे पट कमी म्हणून शिक्षक नाही आणि वस्ती कमी म्हणून क्लास नाही. यावर उपाय आहे. केंद्रशाळेला एक फिरता संगीत शिक्षक द्या, जो आठवड्यात केंद्रातल्या सगळ्या शाळा करील. सोबत त्याला वाद्यं द्या, केवळ पेटी नाही, गिटार आणि ड्रमही.

ड्रम म्हटलं की लोक हसतात. त्यांना मी इंडोनेशियातल्या तीन मुलींबद्दल सांगतो. पश्चिम जावातल्या गारुत भागात एक शेतीवर जगणारं खेडं, तिथली शाळा. शाळेतल्या समुपदेशक शिक्षकाच्या लॅपटॉपवर मेटलची गाणी होती. मुलींना ती सापडली, त्यांनी विचारलं, आणि त्या शिक्षकानं त्यांना वाद्यं दिली, शिकवलं. २०१४ मध्ये त्यांचा बँड उभा राहिला, व्हॉइस ऑफ बाचेप्रोट. त्यांच्या सुंदानीज भाषेत बाचेप्रोट म्हणजे गलका. मुली हिजाब घालून वाजवतात, गावानं सुरुवातीला बरंच सुनावलं. २०२४ मध्ये त्या इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवात वाजवून आल्या. त्यांच्यात आणि आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलींत काय फरक आहे? बापाचं वावर तेवढंच, आईचं काम तेच. तिथे एक शिक्षक होता आणि एका खोलीत एक ड्रम होता.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी अर्ज दिला. ग्रंथालयाच्या मागची, खतांच्या रिकाम्या पोत्यांनी भरलेली खोली मोकळी करावी आणि दोन स्पीकर घ्यावेत. ‘ऐनवेळचे विषय’ यात तो घेतला गेला. पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, कोनतं गानं वाजवनार हाय तुमी? मी म्हटलं, ज्याला जे हवं ते. मग स्पर्धा परीक्षेवाल्या पोरांनी विचारलं की आमच्या अभ्यासाला त्रास नाही ना होणार. त्यांचं बरोबर होतं, त्यांच्यासाठी वेळ वेगळी लावायची असं ठरलं. शेवटी बचत गटातली एक बाई उठली. तिची सासू ऐंशीच्या पुढची आहे, जात्यावरच्या ओव्या तिला मुखोद्गत आहेत, घरात आता जातं नाही म्हणून ती म्हणत नाही. “त्या ठेवसान का तुमी तिथं?” तिनं विचारलं. ग्रामसेवकांनी तेही लिहून घेतलं. निर्णय २ ऑक्टोबरच्या सभेत होईल.

मी थांबलो नाही. पुढच्याच रविवारी रेकॉर्डर घेऊन तिच्या घरी गेलो. आजी भिंतीला टेकून बसली होती. मी काय करणार ते तिला समजावून सांगितलं, माइक तिच्यापुढे पाटावर ठेवला. ती बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली, मग सुनेला म्हणाली, “पंखा बंद कर वं माय. त्याचा आवाज येते त्यात.”